डबीवरची जास्वंद

माणसाचा रक्तदाब वाढला की आधी डॉक्टर बोलतात आणि मग डॉक्टर सोडून सगळे बोलतात. माझा वरचा आकडा १३८ आणि खालचा ८८ निघाला, तेव्हा डॉक्टर फार थोडं बोलले. मीठ कमी करा, रोज चाला, वजन उतरवा, महिन्याने या. गोळीचं नाव नाही. इथेच घोटाळा झाला. गोळी दिली असती तर आमच्या सोसायटीने निमूट मान्य केली असती. पण नुसतं 'चाला' म्हणणाऱ्या डॉक्टरला काही सापडलेलं नाही, असा आमच्याकडे पक्का समज आहे. त्यामुळे पुढचे उपचार सोसायटीने आपल्या हातात घेतले.

लसूण झाला, दुधीचा रस झाला, भिजवलेली मेथी झाली. शेवटी बी विंगमधल्या काकांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि व्याजदर सोडून कुठल्याही विषयावर खात्रीने बोलतात.

"जास्वंद सुरू करा. कॅप्सूल मिळते. हर्बल आहे, साइड इफेक्ट शून्य."

"अहो काका, जास्वंद गणपतीला वाहतात."

"मग? गणपतीला ब्लड प्रेशर आहे का?"

यावर उत्तर नव्हतं. मी तिसऱ्या मजल्याऐवजी चौथ्यावर उतरलो.

औषधाच्या दुकानात हल्ली औषधं आत आणि सप्लिमेंट दर्शनी भागात असतात. मी 'जास्वंदीचं काहीतरी' म्हटल्याबरोबर तिथल्या मुलाने काउंटर भरून टाकला. कॅप्सूल, पावडर, चहाच्या पिशव्या, शिवाय अस्वलाच्या आकाराच्या गमी. पन्नाशी उलटलेल्या माणसाने रक्तदाबासाठी सकाळ-संध्याकाळ एकेक अस्वल चघळायचं, ही कल्पना मला झेपली नाही. गमी बाजूला केल्या. उरलेल्या प्रत्येक डबीवर एकच फोटो होता: टप्पोरी लाल जास्वंद, मधून बाहेर डोकावणारा तुरा, पाकळीवर दवाचा थेंब. एवढी ताजी जास्वंद आमच्या कंपाउंडातल्या झाडावरसुद्धा कधी बघायला मिळत नाही. पहाटे आरोग्यासाठी फिरायला निघालेली मंडळी आकडीच्या काठीने कळ्यांसकट खुडून नेतात. बरं, नेणारे सगळे भाविक असल्यामुळे चोर म्हणायचीही सोय नाही.

मी चष्मा लावून डब्या उलट्या केल्या. डबीची मागची बाजू कुणी वाचू नये अशाच आकाराच्या अक्षरांत छापलेली असते. एकीवर लिहिलं होतं 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस'. दुसरीवर 'हिबिस्कस सॅबडॅरिफा'. तिसरीवर चौदा वनस्पतींचं मिश्रण होतं आणि एकूण वजन ५०० मिलिग्रॅम. त्या गर्दीत जास्वंदीच्या वाट्याला किती आलं, याचा उल्लेख नव्हता.

"या दोघींत फरक काय रे?" मी विचारलं.

"काका, ही ६९९ची आणि ही ४४९ची."

"तसं नाही, आत काय आहे?"

"आत कॅप्सूल आहे ना."

फरक आहे, आणि चांगलाच आहे. रोझा-सायनेन्सिस म्हणजे आपली देवघरातली जास्वंद. तिची फुलं आणि पानं खोबरेल तेलात उकळून आपल्या आज्यांनी केसांना लावली. रक्तदाबावरचे अभ्यास झाले ते बहुतेक दुसरीवर, सॅबडॅरिफावर. आणि ही दुसरी म्हणजे लाल अंबाडी! जिच्या भाजीत आपण ज्वारीच्या कण्या घालतो, वरून लसणाची चरचरीत फोडणी देतो आणि भाकरीबरोबर खातो, ती अंबाडी. हिचं फूल फिकट पिवळं, मधोमध गडद डोळा असलेलं. पाकळ्या गळून गेल्यावर बोंडाभोवतीचं लाल, मांसल आवरण फुगतं. वाळवून परदेशात 'हिबिस्कस टी' म्हणून पितात ते हे आवरण. म्हणजे डबीत अंबाडी आणि डबीवर फोटो जास्वंदीचा. का, ते उघड आहे. अंबाडीचा फोटो छापला तर ६९९ रुपये कोण देईल? लोक जुडीचा भाव विचारतील.

हे वाचून माझा दाब किती वर गेला असेल ते सोडा. मी दोन्ही डब्या परत केल्या आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिचं माहेर अमरावतीकडचं. तिने लगेच आईला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काय बाप्पा!" सासूबाई म्हणाल्या. "जावईबुवा अंबाडी डबीतून खातात? इथं धुऱ्यावर वाळून चालली, कोणी विचारत नाही तिले."

सासूबाईंच्या दृष्टीने माझ्या शिक्षणाबद्दलचा जुना संशय त्या दिवशी खरा ठरला. विदर्भात अंबाडीच्या बोंडांचं सरबत आणि चटणी घरोघर होते, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ठाऊक नव्हतं. जेवायला बसलो की सरबतापर्यंत जाण्याआधीच मी वडाभातावर थांबायचो.

त्यानंतर मी या घराण्याची कुंडली काढली. लिनियस नावाच्या स्वीडिश पंडिताने १७५३ साली वनस्पतींची नावं पक्की केली, तेव्हा जास्वंद, अंबाडी आणि भेंडी या तिघींनाही त्याने 'हिबिस्कस'च म्हटलं होतं. पुढे भेंडीला त्या गोत्रातून काढून वेगळ्या नावाखाली बसवलं. भेंडीचं केवढं नुकसान झालं बघा. गोत्र टिकलं असतं तर आज तीही काचेच्या डबीत, दवाच्या थेंबासकट उभी असती.

अंबाडीने मात्र जग पाहिलंय. इजिप्त आणि सुदानमध्ये ती 'करकदे' होते. तिथे गरम पितात, गार पितात, लग्नात पाहुण्यांनाही देतात. सेनेगलमध्ये ती 'बिसाप', मेक्सिकोत 'हामायका'. कॅरिबियन बेटांवर ख्रिसमसला तिच्यात आलं घालतात आणि बरेचदा रमही. हे शेवटचं सांगितल्यावर बी विंगमधल्या काकांनी माझ्या संशोधनात प्रथमच रस घेतला.

आता ती रक्तदाब उतरवते का? थोडाफार उतरवते, असं दिसतं. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. रक्तदाब किंचित वाढलेली ६५ माणसं घेतली. काहींना सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा दिला, बाकीच्यांना तशाच चवीचं नकली पेय. चहावाल्यांचा वरचा आकडा सरासरी सातेक अंकांनी उतरला, नकलीवाल्यांचा जेमतेम एकाने. वाईट नाही. पण माणसं ६५, मुदत सहा आठवडे, आणि दिलेला होता तो चहा. कॅप्सूल नव्हती, चौदा वनस्पतींची गर्दी नव्हती, अस्वल तर नव्हतंच. डबीवाले मात्र कुठल्याही पुराव्याच्या पाठीवर कुठलंही उत्पादन बसवतात. 'दहास एक अर्क' हे त्यांचं आणखी एक लाडकं वाक्य. दहा किलो कच्च्या मालाचा एक किलो अर्क केला, एवढाच त्याचा अर्थ. त्या एका किलोत कामाचं काय आणि किती उरलं, ते त्यातून कळत नाही.

कायद्याचीही एक गंमत आहे. रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंदी आहे. मग डबीवर काय छापायचं? 'निरोगी रक्तदाब राखण्यास सहाय्यक'. सरकारी कचेरीतल्या सहाय्यकासारखाच हाही. टेबलावर असतो, काम होईलच याची हमी देत नाही. २०१६च्या अन्नसुरक्षा नियमांनी हेल्थ सप्लिमेंटच्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणंही बंधनकारक केलंय. म्हणजे पुढच्या बाजूला लालभडक हृदय आणि मागच्या बाजूला हे वाक्य. दोघांची गाठ पडू नये एवढीच डबीची गोलाई असते.

आणि 'साइड इफेक्ट शून्य' हे काकांचं वाक्य? ते काकांपुरतं. रक्तदाबाची गोळी चालू असताना वर हेही घेतलं तर दाब नको तितका खाली येऊन भोवळ येऊ शकते. गरोदर बाईने तर या फंदात पडूच नये. जी गोष्ट खरंच परिणाम करते ती वेळप्रसंगी नको तो परिणामही करणार, मग ती शेतात उगवो की कारखान्यात. हे मी काकांना समजावलं. ते म्हणाले, "पण हर्बल आहे ना?"

दिवाळीनंतर एक भाचा अमरावतीहून आला. त्याच्याबरोबर सासूबाईंनी लोणच्याच्या बरणीत वाळलेली बोंडं पाठवली. काळपट लाल, सुरकुतलेली, हुंगली की चिंचेची आठवण यावी अशी. उकळत्या पाण्यात टाकली की आधी तळाशी लाल धागे सुटतात आणि बघता बघता सगळं पातेलं माणकासारखं होतं. ओट्यावर सांडलेला थेंब साबणाच्या फडक्याने पुसला तर निळसर पडतो. पहिल्यांदा ते पाहून बायको म्हणाली, "अहो, हे तुम्ही पिताय ना?" पितोय. चव अशी आंबट की डोळे आपोआप मिटतात. दोन चमचे साखर घातली तर अमृत, पण साखर घातली तर प्यायचं कशाला?

पुढच्या खेपेला आकडा १३० आणि ८४ आला. घरात श्रेयाची वाटणी सुरू झाली. सासूबाईंच्या मते अंबाडी. बायकोच्या मते पापड-लोणचं बंद केलं म्हणून, आणि ते बंद तिने केलं. काकांच्या मते जास्वंद, कारण त्यांच्या लेखी मी ती घेतोच आहे. डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि म्हणाले, "चालत राहा."

तरीही तुम्हाला डबी घ्यायचीच असेल, तर फोटोवर अंगठा ठेवून मागचं वाचा. सॅबडॅरिफा आहे का, किती मिलिग्रॅम, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आहे का. गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, लिफ्टमध्ये कुणालाही विचारू नका. आणि एक विनंती. आमच्या कंपाउंडातल्या जास्वंदीने तुमचा रक्तदाब उतरेल असा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा पहाटेची ती काठी कृपा करून घरी ठेवून या.