देईल खाटल्यावरी

आरोग्य विमा कंपन्यांना नावे ठेवणे सोपे आहे. हप्ता दरवर्षी वाढतो, क्लेम अडकतो, टीपीएचा फोन लागत नाही, या तक्रारी चहाबरोबर कोणीही करू शकतो. या कोलाहलात कंपन्यांचे एक थोर कार्य मात्र दुर्लक्षित राहिले. लठ्ठपणाविषयी त्यांनी घेतलेली आणि वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही प्रगतीने न डळमळलेली भूमिका गौरवास पात्र आहे. वजन उतरवण्याच्या औषधाचे पैसे मिळणार नाहीत. वजन न उतरल्याने पुढे जे काही होईल, त्याचे मिळतील.

या भूमिकेचा पाया म्हणजे खाट. आपल्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात किमान चोवीस तास दाखल झालेल्या माणसालाच आजारी मानतात. चालत दवाखान्यात गेला, चिठ्ठी घेतली आणि चालत घरी आला, तो माणूस विम्याच्या लेखी फिरायला गेला होता. तोच आडवा झाला की दाखल होण्याआधीच्या तीस दिवसांची त्या आजाराची औषधेसुद्धा बिलात बसतात. औषध तेच, दुकान तेच. फक्त त्याला खाटेची सोबत मिळालेली असते. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ असे आपले पूर्वज म्हणत आणि आपण त्यांना आळशी समजत होतो. ते विम्याची अट सांगत होते.

लठ्ठपणासाठी तर स्वतंत्र कलमच आहे. विमा नियामक इर्डाने २०१९ साली पॉलिसींमधली अपवादांची कलमे प्रमाणित केली, त्यांतले सहावे वजनाचे. त्यानुसार लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया मान्य होऊ शकते. मात्र रुग्ण किमान अठरा वर्षांचा हवा, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि बीएमआय किमान ४० हवा. ३५ असेल तर सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह अशी एखादी ठेव जवळ हवी, आणि कमी कापाकापीचे उपाय फसलेले असायला हवेत.

हे आकडे किलोत मांडले की कलमाची उदारता ध्यानात येते. पाच फूट पाच इंच उंचीचा गृहस्थ घेऊ. भारतीयांसाठी डॉक्टर बीएमआय २५ पासून लठ्ठपणा धरतात, म्हणजे हा गृहस्थ ६८ किलोंना लठ्ठ ठरतो. विम्याला तो १०९ किलोंना दिसू लागतो. मधल्या ४१ किलोंच्या प्रवासात त्याला कोणाचाही उपद्रव नाही. नव्वद किलोंवर रेंगाळणाऱ्याने निराश होऊ नये. आणखी एकोणीस किलो वाढवावेत. तेवढी चिकाटी नसेल तर साडेपाच किलोंत भागवावे आणि हृदयाकडे लक्ष देऊ नये.

‘कमी कापाकापीचे उपाय फसलेले असायला हवेत’ ही अट तर दूरदृष्टीचा नमुना आहे. हे उपाय म्हणजे आहार, व्यायाम, औषधे. ते ज्याचे त्याने पदरमोड करून करायचे आणि पदरमोड करूनच फसवून दाखवायचे. आता यात धोका असा आहे की ते कधीकधी फसत नाहीत. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या इंजेक्शनच्या चाचणीत अडुसष्ट आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरले. आपल्या १०९ किलोंच्या गृहस्थाने हे इंजेक्शन घेतले तर तो साडेब्याण्णववर येईल आणि त्याचा बीएमआय ३४ होईल. चाळीसची पात्रता गेली, पस्तीसचीही गेली. काही लाखांच्या शस्त्रक्रियेचा हक्क त्याने औषधापायी घालवला. अशा उधळ्या माणसाला कंपनीने वर औषधाचेही पैसे द्यावेत, हे कोणत्या न्यायात बसते?

कंपनीला वजनाची जाण नाही, असा आरोप मात्र कोणी करू नये. पॉलिसी काढताना अर्जात उंची आणि वजन विचारलेले असते. आकडा जास्त निघाला तर हप्त्यावर लोडिंग लागते, कधी अर्जच परत येतो. म्हणजे विकताना लठ्ठपणा हा गंभीर धोका असतो. औषधाचे बिल लावले की तोच राहणीमानाचा खासगी प्रश्न होतो. एकाच गोष्टीकडे दोन्ही अंगांनी पाहण्याची ही क्षमता आपल्याकडे पूर्वी फक्त तत्त्वज्ञांत असे.

औषधे आता आली आहेत, हे खरे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आले, अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना, आठवड्याला एक. जूनमध्ये सेमाग्लुटाइडचे वेगोव्ही आले, सुरुवातीच्या डोसला महिन्याला १७ हजारांच्या पुढे. पुढे त्याची किंमत उतरली. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, आणि स्वस्त आवृत्त्यांची तयारी देशी कंपन्यांनी आधीच चालवली होती. पण तत्त्वाला भावाशी काय देणेघेणे? औषध सतराशे रुपयांचे झाले तरी त्याला खाट लागत नाही, हा त्याचा मूळ दोष राहणारच.

यावर जाणकार एक बिनतोड मुद्दा काढतात. औषध थांबवले की गेलेले वजन बरेचसे परत येते, मग ते जन्मभर द्यायचे काय? रास्त आहे. रक्तदाबाच्या गोळीचेही तसेच आहे, म्हणून सर्वसाधारण पॉलिसी तीही देत नाही. पक्षाघाताचे बिल देते. इथे भेदभावाला जागाच नाही. जादा हप्ता भरून ओपीडीची पुरवणी घेणारे काही असतात, पण तिच्या वार्षिक मर्यादेत असले इंजेक्शन फार दिवस तग धरत नाही.

हिशेबाची बाजूही पक्की आहे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरांतले सुमारे २९ प्रौढ भारतीय लठ्ठ निघाले. सगळ्यांनी औषध मागितले तर हप्ता कुठे जाईल? शिवाय करार एका वर्षाचा. आज इंजेक्शनचे पैसे द्यायचे ‘अ’ कंपनीने, आणि दहा वर्षांनी टळलेल्या बायपासचा फायदा व्हायचा ‘ब’ कंपनीला, कारण तोवर ग्राहक पोर्टेबिलिटी वापरून तिकडे गेलेला असणार. शेजाऱ्याच्या नफ्यासाठी आपल्या ग्राहकाला बरे करण्याइतका भाबडेपणा कोणत्याही ताळेबंदात बसत नाही.

प्रगत अमेरिकाही याच मार्गाने गेली. तिथल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेतून वजन उतरवण्याची औषधे २००३ च्या कायद्याने वगळली. सेमाग्लुटाइड मधुमेहासाठी लिहिले तर पैसे मिळत, वजनासाठी लिहिले तर नाही. १७ हजारांवर हृदयरोग्यांच्या चाचणीत या औषधाने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारा मृत्यू यांचे प्रमाण वीस टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तेव्हा २०२४ मध्ये सवलत मिळाली, पण हृदयरोग आधीच जडलेल्या वजनदारांना. आधी रोग आणा, मग तो टाळण्याचे औषध घ्या, हा क्रम तिथेही लागला.

तेव्हा विमाधारकांना विनंती एवढीच. नूतनीकरण वेळेवर करावे, सहावे कलम नीट वाचावे आणि आडवे होईपर्यंत धीर धरावा. त्याआधीच बरे होण्याची घाई असेल, तर ती हौस स्वखर्चाने भागवावी.