आमच्या घरच्या प्रवक्त्या

आमच्या ताईच्या घरात डोकं दुखलं तर क्रोसिन मागायची चोरी झाली आहे. गोळीचं नाव काढलं की भाची सुरू होते. "मामा, १९८२. शिकागो. टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, सात माणसं गेली. कंपनीने काय केलं असेल?" काय केलं ते आम्हाला पाठ आहे. कंपनीने तीन कोटींहून जास्त बाटल्या बाजारातून परत घेतल्या, लोकांना खरं काय ते सांगितलं, आणि नवी बाटली आणली ती तिहेरी सीलची. डोकं तोवर दुखायचं थांबलेलं नसतं, पण गोळी घ्यायची इच्छा गेलेली असते. कॅडबरी खातानाही तेच. २००३ सालच्या अळ्या, मग नवं वेष्टण, मग अमिताभ बच्चन. चॉकलेटचा तुकडा हातातच वितळतो.

ही मुलगी मुंबईतल्या एका स्वायत्त कॉलेजात मास मीडिया शिकते. तीन वर्षांत पदवी घेऊन मोकळं होता आलं असतं, पण बाई चौथ्या वर्षाला बसल्या. पब्लिक रिलेशन्समध्ये ऑनर्स, तेही संशोधनासकट. त्याला पहिल्या सहा सेमिस्टरना पंचाहत्तर टक्के लागतात, आणि हिला होते, हे मला तिने स्वतःहून एकदाही सांगितलेलं नाही. दर वेळी "कुणीतरी विचारलं म्हणून" सांगितलं आहे. तिच्या आजीला हे सगळं एका वाक्यात कळलं. जनसंपर्क म्हणजे नगरसेवकाचं जनसंपर्क कार्यालय. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर हात जोडलेले साहेब, टेबलावर रेशनकार्डाचे फॉर्म. "तिथे लागलीस की आपल्या नळाचं तेवढं आधी बघ," असं त्यांनी सांगून ठेवलं आहे.

पीआर शिकणारी मुलं बोलताना लगेच ओळखू येतात. त्यांच्या जगात भांडण होत नाही, मिसकम्युनिकेशन होतं. नातेवाईक नसतात, स्टेकहोल्डर असतात. पाहुण्यांसमोर फाटकी चादर दिसली की "ऑप्टिक्स बरं नाही." मावसभावाच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही निघालो, तर ही जिन्यातून ओरडली, "बाबा, आपला की मेसेज काय आहे?" भाऊजी म्हणाले, "जेवण सुटसुटीत ठेवा, एवढाच."

लोणच्याची बरणी फुटली त्या दिवशी ताई ऑफिसात होती. तिच्या फोनवर निवेदन आलं. 'आज सकाळी साडेनऊच्या सुमारास स्वयंपाकघरात बरणी फुटली. कुणालाही इजा झालेली नाही. फरशी पुसण्याचं काम सुरू आहे. अधिक माहिती हाती येताच कळवू.' पहिल्या तासात बोलायचं, माहीत असेल तेवढंच बोलायचं आणि 'नो कॉमेंट' कधी म्हणायचं नाही, हा तिच्या अभ्यासक्रमातला नियम. ताईने उलट विचारलं, "फोडली कुणी?" उत्तर आलं, 'त्याची चौकशी चालू आहे.'

आजींच्या पंचाहत्तरीचं आमंत्रणही तिनेच लिहिलं. कोण, काय, कुठे, कधी हे पहिल्याच परिच्छेदात, कारण उपसंपादक बातमी खालून कापतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कोण कापणार, हे विचारायची आमची टाप नव्हती. शेवटी मात्र एक वाक्य होतं: 'हा सोहळा म्हणजे कुटुंबाच्या एकजुटीचं प्रतीक आहे, असं आजी म्हणाल्या.' आजी चष्मा वर करून म्हणाल्या, "हे मी कधी म्हटलं गं?"

"आजी, कोट असाच असतो. आम्ही लिहायचा, तू मान हलवायची."

गुरूंच्या बाबतीत ती पक्की आहे. १९०६ साली वर्तमानपत्रांना 'आमचं काम उघड आहे, हवं ते तपासून घ्या' असं कळवणारा आयव्ही ली तिला त्यातल्या त्यात बरा वाटतो. एडवर्ड बर्नेजचं नाव निघालं की मात्र ती एकाच वेळी चिडते आणि हरखते. १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत बायकांच्या हातात सिगारेटी देऊन त्याने त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली म्हणवून घेतलं. पैसे तंबाखू कंपनीचे. "इतकं हुशार आणि इतकं वाईट!" पुढे तिनेच सांगितलं की हा बर्नेज सिग्मंड फ्रॉइडचा सख्खा भाचा. एवढं बोलून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मी तेव्हा पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. तिला मामा कमी पडला, हे मला त्या नजरेत दिसलं.

उन्हाळ्यात ती लोअर परळला एका एजन्सीत इंटर्न होती. काम काय, तर सकाळी सगळ्यांच्या आधी पोचायचं, पेपरांचा गठ्ठा उघडायचा आणि क्लायंटचं नाव कुठे छापून आलंय ते शोधायचं. सापडलं की पट्टी घेऊन कॉलम मोजायचा, लांबी आणि रुंदी, मग तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावून 'इतक्या लाखांची प्रसिद्धी' असा आकडा काढायचा. ही पद्धत निकामी आहे, असं २०१० साली बार्सिलोनात जगभरच्या जाणत्यांनी ठरवलं, हे तिने परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तिने ते साहेबांनाही सांगितलं. साहेब म्हणाले, "बरोबर आहे. आकडा कितीचा आला?"

दुपारभर फोन. "सर, ती प्रेसनोट मिळाली का?" हे वाक्य ती झोपेतही म्हणायची, असं ताई सांगते. पलीकडून बहुतेक जण "मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवायचे. एका जुन्या वार्ताहराने मात्र, "बाळा, यात बातमी कुठे आहे?" असं शांतपणे विचारलं, आणि घरी येऊन ती बराच वेळ गप्प होती.

पावसाळ्यात सोसायटीची लिफ्ट बंद पडली. सेक्रेटरींनी फळ्यावर खडूने लिहिलं, 'लिफ्ट बंद आहे.' हिला ते बघवेना. संध्याकाळपर्यंत तिथे छापील कागद लागला: 'रहिवाशांची सुरक्षितता हे आमचं सर्वोच्च प्राधान्य असून तांत्रिक कारणास्तव ही सेवा तात्पुरती स्थगित...' पाचव्या मजल्यावरच्या काकू, गुडघ्याला पट्टा, हातात भाजीची पिशवी, तो कागद शेवटपर्यंत वाचत उभ्या राहिल्या. "छान लिहिलंयस गं. पण चालू कधी होणार?"

ते हिने विचारलंच नव्हतं.

ग्रुनिग आणि हंट या दोघांनी १९८४ साली जनसंपर्काचे चार नमुने मांडले. त्यातल्या चौथ्यात आपण फक्त बोलायचं नसतं, ऐकायचं असतं, आणि ऐकून स्वतः बदलायचंही असतं. हे तिने आम्हाला जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी आणि दोन वाट्या मांडून समजावलं होतं. त्या रात्री ती वही घेऊन सगळे मजले चढली. कुणाला फिजिओथेरपीला जायचंय, कुणाचा गॅस सिलिंडर यायचाय, कुणाकडे बाळंतीण आहे. मेकॅनिकला फोन केला. सकाळी फळ्यावर दुसरी नोटीस: 'पार्ट मागवला आहे. गुरुवार संध्याकाळपर्यंत लिफ्ट बंद. वर सामान न्यायचं असेल त्यांनी वॉचमनकडे नाव द्यावं. सहानंतर मुलं आणून देतील.' ही मुलं कोण, हे मुलांना नोटिशीवरूनच कळलं. त्यात मीही होतो. गुरुवारी लिफ्ट सुरू झालीच नाही. शुक्रवारी होणार, हे मात्र गुरुवारी दुपारीच फळ्यावर होतं, आणि आजवर पहिल्यांदा सेक्रेटरींच्या दाराची बेल कुणी वाजवली नाही.

आता तिच्या संशोधनाचा विषयच तो आहे, गृहनिर्माण संस्थेतला संवाद. प्रश्नावली घरोघर फिरते आहे. 'सोसायटीचे निर्णय मला वेळेत कळतात.' 'माझं मत विचारात घेतलं जातं.' पुढे पाच चौकोन, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. भाऊजींनी चष्मा लावून, पेनाने, एकही न चुकवता, सगळीकडे मधल्या चौकोनात खूण केली.

"बाबा, सगळीकडे तटस्थ?"

भाऊजींनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. "लग्नाला सव्वीस वर्षं झाली गं. आता हात तिथेच जातो."

तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि दुसरा कोरा कागद घेऊन आईकडे गेली.