कुजकं लाकूड, कोरं प्लायवूड

अमेरिकेत छोटा कॅम्पिंग ट्रेलर हवा असलेल्या हौशी माणसापुढे दोन वाटा असतात: नवा बांधायचा, की जुनाच डागडुजी करून उभा करायचा. तयार विकत घ्यायची तिसरी वाटही आहे. पण मग दोन वर्षं गॅरेजमध्ये लपून बसायला निमित्त उरत नाही.

बांधणाऱ्यांचं दैवत म्हणजे ‘टीअरड्रॉप’, थेंबाच्या आकाराचा. १९४७ साली ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाने त्याचे आराखडेच छापले होते. माप बहुधा ८ बाय ४ फूट. यात सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही, प्लायवूडचा तक्ताच तेवढा येतो! झोपायचं आत, स्वयंपाक मागचं झाकण उचलून, बाहेर उभ्याने.

जुन्याचे भक्त १९५०च्या दशकातला ‘शास्ता’ कंपनीचा ट्रेलर हुडकतात. बाहेरून अ‍ॅल्युमिनियम चकाकतं. विकणारा म्हणतो, ‘किरकोळ गळतं.’ पत्रा उचकटला की आतली लाकडी चौकट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी हातात येते. मग एकेक पट्टी बदलता बदलता जुनं म्हणून उरतो तो दारावरचा बिल्ला. म्हणजे यानेही शेवटी नवाच बांधला. फक्त आधी जुन्याचे पैसे मोजले.

जुना बघायला जाणाऱ्याने खिशात एक स्क्रूड्रायव्हर ठेवावा आणि खिडकीखालच्या लाकडात हळूच टोचून पाहावा.