एल निनो म्हणजे आपलं पोरगंच की!

"ऐकलंस का गं? त्या एल निनोचा अर्थ कळला मला!" माईंनी मेंदीच्या कुंपणावरून शेवग्याच्या शेंगा माझ्या हाती दिल्या. त्यांची नात पुण्याला स्पॅनिश शिकते. ती सुट्टीला सावेडीत आली की पुढचे काही दिवस माईंच्या बोलण्यात स्पेन शिरलेला असतो.

"काय अर्थ?"

"निन्यो म्हणजे पोरगा. आणि ला निना? पोरगी!"

आता आपला नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. पाथर्डी-जामखेडच्या माणसाला स्पॅनिशचं एक अक्षर येत नसेल, पण निनो पाठ. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा पारावर या पोराला कमी शिव्या पडल्या नाहीत. नाव ठेवलं पेरूच्या कोळ्यांनी. नाताळच्या सुमाराला तिकडचं समुद्राचं पाणी तापायचं, म्हणून बाळ येशूचं नाव दिलं. ला निना आली की आपल्याकडे बहुधा बरा पाऊस.

"म्हणजे पोरगा दुष्काळ आणणार आणि पोरगी पाऊस!" माई म्हणाल्या. "आमच्या सासूबाई जन्मभर उलटं सांगत होत्या."

"मग तिकडं मोठ्या पोरांनाही निन्योच म्हणतात?"

"छे! निन्यो लहान. जरा वाढला की मुचाचो. तरणाताठा झाला की होवेन. आणि चिको म्हणजे खरं तर बारका, पण पंचविशीच्या बाप्यालाही बिनधास्त चिको म्हणतात. बरं, हे झालं पुस्तकातलं. देश बदलला की शब्द बदलला. अर्जेंटिनात पिबे."

हे मला ठाऊक होतं. मॅराडोनाला तिकडं 'सोन्याचा पिबे' म्हणायचे.

"मेक्सिकोत कारट्याला एस्क्विंक्ले म्हणतात, तो शब्द तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतल्या कुत्र्यावरून आला. चिलीत काब्रो, म्हणजे बोकड!"

"आपण काय कमी आहोत? टोणगा म्हणतो, घोडा म्हणतो. पोरीचं लग्न लांबलं की घोडनवरी."

"आणि गंमत ऐक. चिलीत ग्वाग्वा म्हणजे तान्हं बाळ, आणि क्युबात ग्वाग्वा म्हणजे बस! चिलीची बाई क्युबात जाऊन 'ग्वाग्वा झोपली' म्हणाली तर?"

"तर आपल्या तारकपूरच्या डेपोतली एसटी समजतील!"

माई हसून हसून खोकायला लागल्या. पण आपल्याकडेही मैल-दोन मैलांवर नाही तरी जिल्ह्याजिल्ह्याला हेच. नागपूरकडे पोट्टा, सिंधुदुर्गात झील, खानदेशात आंडोर, गोव्यात भुरगो. आपल्या नगरी तोंडात पोरगं आणि लेकरू. तान्हं, बाळ, लेकरू, पोरगं, मग मिसरूड फुटायच्या आधीचा पोरसवदा. हा पोरसवदा मला फार आवडतो. त्या अडनिड्या वयाला याहून नेमका शब्द सापडायचा नाही. शिवाय लेकरू, पोरगं, मूल हे सगळे नपुंसकलिंगी. स्पॅनिशमध्ये ती सोय नाही. दहा पोरी आणि एक पोरगा असला तरी व्याकरणाच्या नियमानं सगळे मिळून निन्योस, पुल्लिंगी. आपण नुसतं 'मुलं' म्हणून मोकळे.

"पण एक शब्द ऐकून मला जरा कसंसंच झालं," माई एकदम गंभीर झाल्या. "मोसो. म्हणजे तरणा पोरगा. अर्जेंटिनात हॉटेलातल्या वाढप्यालाही मोसोच म्हणतात. आणि मुचाचा म्हणजे पोरगी, पण कितीतरी देशांत घरकामाची बाईसुद्धा मुचाचा, मग ती चाळिशीची का असेना."

"आपला पोऱ्या तोच की. टपरीवरचा पोऱ्या. आणि शेतावरचा गडी."

"तेच तर! माझा नातू चौदाचा, त्याला आम्ही अजून बाळ म्हणतो. टपरीवरचा तेवढाच असेल, तो पोऱ्या. एकाच वयाची दोन पोरं ना?"

खरंच आहे. कायद्यानं, घरच्या धंद्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, चौदाच्या आतल्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. 2016 च्या दुरुस्तीपासून चौदा ते अठराला किशोर म्हणतात आणि धोक्याच्या कामाला त्यालाही बंदी. पण टपरीवर "ए किशोर, दोन कटिंग" अशी हाक कुणी मारलेली मी ऐकली नाही.

"आणि बाळ तरी कधी मोठं होतं आपल्या जिल्ह्यात?" माईंचा सूर परत मूळपदावर आला. "लोणीचे एकनाथराव विखे पाटील दिल्लीत मंत्री झाले, तरी शेवटपर्यंत बाळासाहेबच. संगमनेरच्या थोरातांचं नाव विजय. सत्तरी ओलांडली, पण तेही बाळासाहेब."

"ते मानानं म्हणतात हो, पुढं साहेब लावून."

"मान असू दे गं. पण ते चौकातले फ्लेक्स? केसांना कलप, पोट सुटलेलं आणि खाली लिहिलंय युवा नेते!"

यावर मी काय बोलणार? केंद्राच्या 2003 च्या युवा धोरणात तरुण म्हणजे 13 ते 35 वर्षांचा होता. 2014 च्या धोरणानं तो 15 ते 29 वर आणला. फ्लेक्सवाल्यांपर्यंत दोन्ही धोरणं पोचलेली दिसत नाहीत.

"तारुण्य काय वयावर असतं?" माईंनी निकाल दिला. "ज्याच्या बापाकडं कारखाना, तो पन्नाशीतही होवेन. ज्याच्या बापाकडं काही नाही, तो दहाव्या वर्षीच मोसो."