मे महिन्यातली अधिकृत थंडी

तोरणमाळची थंडी सरकारदरबारी फक्त उन्हाळ्यात पडते. मे महिन्यात नंदुरबार-शहादा भाजून निघत असताना जाहिरातींना या पठाराची आठवण येते: हजार मीटरांहून जास्त उंची, यशवंत तलाव, सीताखाई, झालंच तर महाबळेश्वरच्या खालोखाल थंड हवा. जानेवारीत मात्र हीच थंडी पुराव्याअभावी निर्दोष सुटते. हवामान खात्याच्या हिशेबात सपाटीवर किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आलं आणि सरासरीहून निदान साडेचार अंशांनी घसरलं, की थंडीची लाट. डोंगराळ भागात त्याआधी पारा शून्यावर यावा लागतो. म्हणजे खाली शहाद्याला लाट येऊ शकते आणि वर सातपुड्यात पाच अंशांवर दात वाजणाऱ्यानं हवा आल्हाददायक असल्याचं मान्य करायचं. थंडीची लाट आणि दहिवर (गोठलेलं दव) केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहेत, त्यामुळे प्रश्न नुसत्या नावाचा नाही; मदतीच्या पैशाचाही आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं की डोंगरातल्या माणसाला सवय असते. सवय ही तशी फार किफायतशीर योजना. तिला ना निविदा लागते, ना लेखापरीक्षण. पण शून्याचा निकष हिमाचलला शोभतो, कारण तिथलं जुनं घरच थंडीसाठी बांधलेलं, जाड दगड-लाकडाचं. सातपुड्यातल्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अजूनही कुडाची घरं आहेत. बांबूच्या विणीवर शेणमातीचा लेप, आणि लेप सुटला तिथून वारा आत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निकष भावनेवर नव्हे, मोजमापावर ठरतात. मान्य. मग मोजमाप कुठे होतं तेही पाहू. तापमापक जमिनीपासून चारेक फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता झपाट्यानं आकाशात सोडते आणि गवताजवळची हवा पेटीतल्या हवेहून बरीच गार होते. म्हणून पारा शून्याच्या वर असतानाही अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात गवतावरचं दव गोठतं, त्याचे फोटो छापून येतात आणि हौशी मंडळी 'चिल' करायला गाड्या काढतात. चुलीशेजारी भुईवर निजलेलं पोर तापमापकाच्या नव्हे, गवताच्या उंचीवर असतं.

सपाटीचा निकष डोंगराला लावा असं म्हटलं, तर दर हिवाळ्यात लाटच लाट जाहीर होईल अशी भीती घातली जाईल. होणार नाही, कारण सरासरीहून साडेचार अंशांची अट तिथेही राहीलच. तेही जमत नसेल, तर मे महिन्याच्या जाहिरातीखाली बारीक टाइपात एवढं तरी छापावं: 'सदर थंडी डिसेंबर-जानेवारीत ग्राह्य धरली जाणार नाही.'