खोली आत्ताच गेली!

डांगे चौकातला एजंट फोनवर आधी भाडं सांगत नाही. आधी विचारतो, "गाव कुठलं?"

"लातूर."

"आडनाव?"

खोली शोधणारं पोरगं आडनाव सांगतं. पलीकडे क्षणभर शांतता. "अरेरे दादा, खोली आत्ताच गेली बघा. पाच मिनिटं आधी फोन केला असता तर!"

पुण्याजवळच्या थेरगावातली ही खोली रोज पाच मिनिटं आधी जाते आणि रात्री व्हॉट्सॲपवर पुन्हा हजर होते : वन आरके, फक्त फॅमिली, शाकाहारींना प्राधान्य. मुलुंडला २०२३ साली एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा या एजंटनेही 'मराठी माणसाचा अपमान सहन करणार नाही' असं स्टेटस ठेवलं होतं. स्टेटस चोवीस तासांत उतरतं, ही मोठी सोय आहे.

कुणी म्हणेल, कोर्टात जावं, तात्पुरता मनाईहुकूम आणावा. जावं की! कोर्ट तीनच गोष्टी बघतं : प्रथमदर्शनी केस, सोय-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारं नुकसान. केसचं म्हणाल, तर संविधानाचं १५वं कलम 'भेदभाव करू नको' असं सांगतं ते मुख्यतः सरकारला, आणि वन आरकेचा मालक भाडं सरकारी थाटात वसूल करत असला तरी सरकार नव्हे. ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, पण तोंडातून न निघालेली जात पंचनाम्यात कशी लिहायची? सोसायट्यांना तर मोठाच आधार सापडला. अहमदाबादच्या एका सोसायटीने फक्त पारशांनाच सभासद करून घ्यायचा नियम केला होता, तो सुप्रीम कोर्टाने २००५ साली वैध ठरवला. सोय अर्थातच मालकाची. आणि नुकसान? वाकडला जास्त भाड्याने खोली मिळते की! म्हणजे नुकसान भरून येणारं आहे. भरायचं फक्त पोराने, पगारातून.

पगाराचीही तीच कथा. चाकणला कंत्राटदाराकडून लागलेला पोरगा वर्षानुवर्षं तीच मशीन चालवतो, शेजारचा पर्मनंट कितीतरी जास्त पगार उचलतो. महाराष्ट्राचा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा १९७१चा कायदा मोठा देखणा. एका गटाला झुकतं माप देणं अनुचित, बदली किंवा तात्पुरते म्हणून वर्षानुवर्षं राबवणं अनुचित, आणि कलम ३० खाली अंतरिम आदेशाचीही सोय. पोरगा हुरूपाने जातो. कंपनीचा वकील चष्मा पुसत म्हणतो, "हे गृहस्थ कोण? आम्ही ओळखत नाही." पुण्याच्याच कल्याणी स्टील्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००१ साली सांगून ठेवलंय : मालक-कामगार हे नातंच वादात असेल, तर ते आधी दुसरीकडे सिद्ध करा, मग इथे या. भेदभाव झाला की नाही, हा प्रश्न तोवर बाहेर बाकावर बसून राहतो.

वेळेचं तर विचारूच नका. एकतर्फी मनाईहुकूम दिला, तर अर्ज ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा, असं दिवाणी संहिता म्हणते. प्रत्यक्षात काय होतं, ते बघा. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के जागा स्थानिकांना राखल्या. हायकोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्थगिती दिली. त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने ती उठवून 'चार आठवड्यांत निकाल लावा' म्हटलं. निकाल लागला नोव्हेंबर २०२३ मध्ये, कायदा रद्द झाला. आमच्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. त्यामुळे कोर्टाचे चार आठवडे संपेपर्यंत करारही संपतो, पोरगाही पांगतो आणि अर्ज 'आता निरर्थक' म्हणून सन्मानाने निकाली निघतो.

उपाय कायद्यातच आहे. सहकारी सोसायटीला सभासदत्व नाकारायचं तर कारण लेखी कळवावं लागतं. तीन महिने गप्प बसली, तर अर्जदार सभासद झाला असं धरतात. हेच भाड्याच्या खोलीला लावा. खोली गेली असेल तर कधी गेली, ते सहीनिशी लिहून द्या.

असा नियम निघाला, तर मालक मंडळी दुसऱ्याच दिवशी स्थगिती मागायला कोर्टात उभी राहतील. आणि भरून न येणारं नुकसान म्हणजे काय, हे त्या दिवशी सगळ्यांना पहिल्याच तारखेला पटेल.