खडकाशी तह

वाशीम जिल्ह्यात जमीन घेतली की दगड वर फुकट मिळतात. खरेदीखतात त्यांचा उल्लेख नसतो, सातबाऱ्यावर नोंद नसते, पण वहिवाट त्यांचीच. वेचून बांधावर टाकले, तरी एका पावसाळ्यात वरची बारीक माती धुऊन जाते आणि खालून दुसरे हजर होतात. पैनगंगेकाठच्या काळ्या, भारी रानाची गोष्ट वेगळी. माळावर मात्र वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली खडक. अशा माळाच्या कडेला घर बांधून अंगणात कमळाचं एक लहानसं तळं करावं, अशी इच्छा मला निवृत्तीनंतर झाली. निवृत्त माणसाच्या इच्छा साध्या असतात; त्या पुऱ्या करायला लागणारी माणसं रोजंदारीवर असतात, एवढीच अडचण.

तसा पाण्याच्या बाबतीत आमचा जिल्हा फार दानशूर. काटेपूर्णा इथल्या पठारावर उगवते, अकोल्याकडे उतरते आणि पूर्णा-तापीच्या वाटेनं अरबी समुद्र गाठते. पैनगंगा आणि तिला मिळणारी अडाण मात्र वर्धा-गोदावरीच्या वाटेनं बंगालच्या उपसागराकडे जातात. दोन समुद्रांना पाणी पुरवणारा हा जिल्हा स्वतःसाठी काय राखतो, हे मे महिन्यात कुठल्याही विहिरीत डोकावून पाहावं. म्हणून तर 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हा तिचं नावच कानाला गोड लागलं. तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल असा मोठ्यात मोठा आकार आणि जास्तीत जास्त 50,000 रुपये अनुदान. एकास एक उतार धरला तर अशा तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. मावतं म्हणजे राहतंच असं नाही.

राहत नाही, याचा दोष साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याकडे जातो. तो थरावर थर पसरत थंड झाला, थंड होताना त्याला भेगा पडल्या आणि वायूचे बुडबुडे अडकून ठिकठिकाणी पोकळ्या राहिल्या. वरचा थर हवापाण्यानं पापुद्रे सुटत सुटत मुरूम झाला. या मुरमात ओतलेलं पाणी कुठे जातं ते विचारू नये. गावाच्या हिशेबानं ते वाया गेलेलं नसतं, खालच्या विहिरीला मिळतं. पण खालची विहीर बहुधा दुसऱ्याची असते. काळी माती चोपून बूड बंद करावं, तर ती ओली असेपर्यंत पाणी धरते आणि वाळली की तिच्यात हात जाईल एवढी भेग पडते. मग उरतो प्लास्टिकचा कागद. शेततळ्यात पाचशे मायक्रॉनचा चालतो. माझ्या तळ्यासाठीही तोच उरलासुरला तुकडा मिळाला.

पाचशे मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. तीन मीटर पाणी भरलं की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर तीन टन वजन येतं. वरून तीन टन, खालून साडेसहा कोटी वर्षांचा खडक आणि मधे हा अर्ध्या मिलिमीटरचा जावई. त्याला काही टोचू नये म्हणून साऱ्या घरानं अंग चोरून बसायचं. माझं तळं अवघं दोन हात खोल, पण तिथेही प्रत्येक चौरस मीटरवर नऊशे किलोंचा भार येतोच. दगडाला टोचायला तेवढा पुरतो.

आमच्याकडच्या माणसांना खडकावर हात चालवायचा अनुभव नाही असं कुणी म्हणू नये. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथला शेवटचा मोठा राजा हरिषेण. त्याचा प्रधान वराहदेव यानं पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं, तसा त्याचा शिलालेखच तिथे आहे. तो खडक आपल्या माळाखाली आहे त्याच जातीचा. अजिंठ्याच्या कारागिरांनाही खडकावर काहीतरी पसरायचं होतं, फक्त त्यांच्याकडे प्लास्टिकऐवजी चित्रं होती. त्यांनी भिंत खडबडीतच ठेवली, म्हणजे गिलावा पकड घेईल. मग तूस आणि गवताचे तंतू कालवलेल्या मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. दीड हजार वर्षं झाली, पुष्कळसं पडलं, पुष्कळसं अजून टिकून आहे. प्लास्टिकच्या कागदाची हमी मोजक्या वर्षांची असते आणि तीही पावती जपून ठेवली तर.

पुढच्या पिढ्यांनी तळी बांधली तीही दगडानंच. घडीव चिरे आणायचे, चुन्यात बसवायचे, पायऱ्या करायच्या. पाणी राखायला ते दगड घालत होते आणि आपण पाणी राखायला दगड काढतो. हा विचार मी मिस्त्रीला सांगितला. त्याला तो फारसा भावला नाही. कारण काढणं त्याच्या अंगावर होतं, विचार माझ्या.

हा मिस्त्री शेततळ्यांचे कागद अंथरून तयार झालेला. पोकलेन येऊन खड्डा खणून गेलं की बहुतेकांना काम झालं असं वाटतं. त्याच्या मते ते तिथून सुरू होतं. मी सब्बल घेऊन सगळ्यात थोराड दगडाकडे निघालो, तर म्हणाला, “गोटा केवढा हाय थे नका पाहू गुरुजी. हालते का थे पाहा. हालला तं काढा. नाही हालला तं त्याचं नाक मोडा अन् झाका.”

आयुष्यभर मी मुलांना प्रमाणभाषा शिकवली, पण इतक्या थोडक्यात इतकी व्यवस्थित कार्यपद्धती मला कुठल्या परिपत्रकात वाचायला मिळाली नाही. हलणारा दगड वाईट, कारण पाण्याचं वजन आलं की तो कूस बदलतो आणि कुठला कोपरा वर करील याचा नेम नाही. खडकाचा न हलणारा भाग वर्षानुवर्षं तसाच राहणार. तो उपटायला गेलं तर शेजारचा अर्धा तळ उखडून येतो. त्याचं टोक छिन्नीनं उडवायचं, वर मातीची गादी घालायची आणि त्याला त्याच्या जागी राहू द्यायचं. शाळेतल्या शिक्षकखोलीत ही पद्धत मला तीस वर्षं आधी कळली असती तर पुष्कळ सभा लवकर संपल्या असत्या. आम्ही तिथे नेमकं उलटं करत होतो: न हलणाऱ्यांना हलवायला जात होतो आणि हलणाऱ्यांना समित्यांवर घेत होतो.

शिवाय दगड काढला की प्रश्न सुटत नाही, त्याचा आकार बदलतो. दगडाच्या जागी खळगा राहतो. खळग्यावर कागद अधांतरी राहतो, पाणी त्याला खाली दाबतं, तो ताणत जातो आणि नेमका तिथेच फाटतो. म्हणून निघालेल्या प्रत्येक दगडामागे तेवढी माती परत करायची, पाणी शिंपडायचं आणि धुमसानं ठोकायची. दगड उचलणाऱ्याचे फोटो निघतात, कारण त्यात जोर दिसतो. खळगा भरणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही. आमच्याकडे ते काम मिस्त्रीच्या आईनं केलं. बाजूला उकिडवी बसून चाळणीनं माती चाळत होती आणि चाळणीत उरलेला प्रत्येक खडा मला दाखवून मगच फेकत होती.

त्या खड्यांत गारगोटीचे तुकडे आणि पांढरे स्फटिक निघत होते. लाव्ह्याच्या त्या पोकळ्यांमध्ये लाखो वर्षं सावकाश वाढलेले. महाराष्ट्राच्या खडकातले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत काचेच्या पेटीत, दिवा लावून ठेवतात. आमच्या अंगणात त्यांना शिव्या मिळाल्या. सौंदर्य आणि टोक यांचं नातं जुनं आहे. पाहायचं असेल तर लांबून ठीक, वर पाणी भरायचं असेल तर नको.

दगडांइतकाच दुसरा गुप्त शत्रू म्हणजे लव्हाळा. त्याची सुईसारखी कोवळी टोकं खालून प्लास्टिक भोसकून वर येतात. दगड निदान पाण्याचं वजन येईपर्यंत थांबतो, लव्हाळ्याला तेवढाही धीर नसतो. त्याच्या गाठी खणून काढाव्या लागतात. वरचं गवत उपटणं म्हणजे त्याची हजामत.

तळ झाला, उतार झाले, चाळलेल्या मातीचा चार बोटं थर बसला, त्यावर जुनी पोती अंथरली. आता कागद टाकायचा तर मिस्त्री म्हणाला, “थांबा. चपला काढा अन् पोत्याइवरून फिरून पाहा. डोयाले जे दिसत नाही थे पायाले समजते.” तेव्हा आम्ही सगळे अनवाणी, माना खाली घालून, एकामागून एक त्या खड्ड्यात फिरलो. रस्त्यानं जाणाऱ्यांपैकी एकानं कसली पूजा आहे म्हणून विचारलं. कुणी ‘आई गं’ म्हटलं की बाकीचे आनंदानं धावत जायचे. एका माणसाच्या दुखण्यावर इतका निर्मळ आनंद मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

कागद टाकतानाही ताठ ओढायचा नाही. दुपारच्या उन्हात तो सैल पडतो आणि पहाटे आखडतो. ओढून बसवला तर आखडायला त्याला जागा राहत नाही. म्हणून सकाळच्या गारव्यात, जरा ढिला, सुरकुत्यांसकट. वर काठाभोवती चर खणून त्यात टोकं पुरायची. पाऊस लागण्याआधी आत थोडं पाणी सोडून ठेवायचं, नाहीतर मुरमात साचलेलं पाणी रिकाम्या कागदाला खालून उचलतं आणि तळ्याला पोट सुटतं. शेततळ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये: ओल्या प्लास्टिकच्या उतारावर ना माणसाचा पाय टिकतो, ना जनावराचा. कुंपण आणि काठाला बांधलेला दोर यांवाचून तळं पुरं झालं असं समजू नये.

काढलेल्या दगडांचा ढीग तळ्यापेक्षा मोठा झाला. हे गणिताला धरून नाही, पण माळाला धरून आहे. त्यातले गुळगुळीत, पोट आलेले निवडून काठावर मांडले, प्लास्टिकची किनार झाकायला. ज्यांना घालवायला मजुरी दिली त्यांनाच परत बोलावून शोभेच्या जागेवर बसवलं. राजकारणात हे पाहिलं होतं, बागकामात पहिल्यांदाच.

पाणी भरल्यावर रोज सकाळी पातळी पाहणं हा माझा नवा उद्योग आहे. ती उतरतेच. मग घरात चर्चा: एखादा दगड निसटला असेल का? त्यावर मिस्त्रीचा तोडगा म्हणजे बादली. तळ्याच्या पाण्यात एक बादली ठेवायची, तिच्यातही पाणी भरायचं आणि दोन्हीकडे खूण करायची. तळं जास्त उतरलं तर खाली कुणीतरी टोचलं. दोन्ही सारखंच उतरलं तर ते पाणी उन्हानं नेलं, खडक निर्दोष. परवा खुणा ताडून पाहिल्या: दोन्हीकडे सारखंच उतरलं होतं. मिस्त्रीच्या आईनं बादलीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, “त्याले कोन चपला काढाले लावन?”